राखलेल्या रानाचा ऑनलाइन नकाशा: हद्द, वाट आणि न दाखवायच्या जागा

कोकणात एखाद्या गावाने आपली देवराई राखली, भावकीतल्या चार घरांनी एकत्र बसून वडिलोपार्जित रान न तोडण्याचे ठरवले, किंवा एखाद्या संस्थेने कातळसड्याचा (सपाट कातळी पठाराचा) तुकडा विकत घेऊन तो आहे तसा ठेवला, की थोड्याच दिवसांत कोणीतरी सुचवते, “याचा एक ऑनलाइन नकाशा करूया.” सूचना रास्त असते. मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्याला रान कोठवर आहे ते कळावे, शाळेच्या सहलीला वाट सापडावी, चिरेखाणीसाठी किंवा रस्त्यासाठी जमीन पाहायला येणाऱ्याला येथे काय आहे ते आधीच दिसावे, अशी कितीतरी कारणे असतात. मोबाइलवर नकाशा पाहणे आता इतके सोपे झाले आहे की तो करणेही तितकेच सोपे असावे, असा आपला समज होतो. रेषा ओढायला खरोखरच पाच मिनिटे लागतात. ती रेषा कशाच्या आधारावर ओढली, ती कोणाकोणाला मान्य आहे आणि पुढच्या पावसाळ्यातही ती खरी राहील का, हे ठरवायला मात्र एक-दोन वर्षे सहज जातात. या लेखात प्रामुख्याने त्या कामाबद्दल सांगायचे आहे.

भूसंवर्धन संस्थांनी आपल्या ताब्यातील जागांचे आणि तेथील पायवाटांचे नकाशे लोकांसाठी खुले करण्याची पद्धत अमेरिकेत चांगलीच रुजलेली आहे. मॅसॅच्युसेट्समधील ‘द ट्रस्टीज ऑफ रिझर्व्हेशन्स’ ही अशा कामातील जुनी संस्था १८९१ पासून चालू आहे. तेथील संस्था जमीन विकत घेते किंवा मालकाशी कायमस्वरूपी करार करून तो नोंदवते, त्यामुळे हद्द कोणती याचा कागद सहसा हाताशी असतो. आपल्याकडे राखलेल्या रानाचे प्रकार अनेक आहेत आणि प्रत्येकाची कागदोपत्री स्थिती निराळी आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने संवर्धन राखीव आणि सामुदायिक राखीव हे दोन प्रकार आले. दोडामार्ग तालुक्यातील तिलारीचे २९.५३ चौरस किलोमीटरचे क्षेत्र २०२० मध्ये संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाले. जैविक विविधता कायद्याखाली जैवविविधता वारसा स्थळ जाहीर करता येते. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमापाशी ‘शिस्तुरा हिरण्यकेशी’ हा मासा सापडला आणि २०२१ मध्ये तेथील अवघ्या २.११ हेक्टर जागेला तो दर्जा मिळाला. अशा अधिसूचित जागांची हद्द शासनाच्या कागदात लिहिलेली असते. पण कोकणातले पुष्कळसे राखलेले रान कोणत्याही अधिसूचनेत नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात डोळ्यांना जंगल म्हणून दिसणारी बरीच जमीन खाजगी मालकीची आहे, देवराया गावऱ्हाटीच्या (गावाच्या परंपरागत कारभाराच्या) धाकावर आणि श्रद्धेवर टिकून आहेत, आणि त्यांचा नकाशा करायला बसल्यावर पहिला प्रश्न उभा राहतो तो हद्दीचा.

त्याआधी ऑनलाइन नकाशा म्हणजे काय हे थोडक्यात पाहू. पूर्वी शिवणकामाचा किंवा बांधकामाचा आराखडा करताना ट्रेसिंग पेपर एकावर एक ठेवत, तशीच याची रचना असते. सर्वांत खाली पायाभूत नकाशा असतो, म्हणजे रस्ते, नद्या, गावांची नावे किंवा उपग्रहाने टिपलेले चित्र. तो एका अखंड चित्राच्या रूपात येत नाही. बहुधा २५६ पिक्सेल लांबी-रुंदीच्या चौकोनी फरश्यांच्या रूपात येतो. सगळी पृथ्वी एका फरशीत मावते ती शून्य पातळी, आणि पुढच्या प्रत्येक पातळीला एका फरशीच्या चार फरश्या होतात. सोळाव्या पातळीपर्यंत आलो की कोकणाच्या अक्षांशावर एका पिक्सेलमध्ये जमिनीवरचे साधारण सव्वादोन मीटर सामावतात, म्हणजे घर दिसते, पण पायवाट जेमतेम जाणवते. या पायाभूत नकाशावर आपले थर बसतात: हद्दीचा थर बंदिस्त आकृतीचा, वाटेचा थर रेषेचा, आणि पाणवठा, पार, माहितीफलक असल्या ठिकाणांचा थर बिंदूंचा. आपले खरे काम या वरच्या थरांचे आहे. पायाभूत नकाशा दुसऱ्याने केलेला असतो आणि त्याच्या चुका आपल्या हाती नसतात. आपल्या थरातल्या चुका मात्र पूर्णपणे आपल्या असतात.

हद्द

जमीन आपली आहे हे सांगताना आपण सातबारा दाखवतो. सातबाऱ्यावर गट नंबर, हिस्सा, मालकांची नावे आणि हेक्टर-आरमध्ये क्षेत्र असते. जमिनीचा आकार त्यावर कोठेच नसतो. आकार असतो गाव नकाशावर, पण त्या नकाशावर अक्षांश-रेखांश नसतात. प्रत्यक्ष जागेवर येऊन खुणा दाखवून झालेली मोजणी असते ती भूमी अभिलेख कार्यालयाने दिलेल्या ‘क’ प्रतीवर, आणि पुष्कळ कुटुंबांनी ती कधी काढलेलीच नसते, कारण सामाईक जमिनीवर पंधरा-वीस वारसांची नावे असतात, त्यांतील निम्मे मुंबईला किंवा ठाण्याला असतात आणि मोजणीच्या दिवशी सगळ्यांना एकत्र आणणे म्हणजे लग्न जुळवण्याइतके अवघड होऊन बसते.

म्हणून बहुतेक गट गाव नकाशापासून सुरुवात करतात. तो स्कॅन करायचा, आणि त्यावरच्या ज्या खुणा आजही जमिनीवर निश्चितपणे ओळखता येतात त्यांची जोडी उपग्रहचित्राशी किंवा जीपीएसने घेतलेल्या बिंदूंशी लावायची, या कामाला भू-संदर्भन म्हणतात. क्यूजीआयएस या मोफत संगणक-प्रणालीत ते करता येते. कळीचा मुद्दा खुणा निवडण्याचा आहे. जुनी बांधलेली विहीर, देवळाचा गाभारा, तीन गावांच्या शिवा जेथे मिळतात तेथला दगड, या खुणा चांगल्या. व्हाळाचे, म्हणजे ओढ्याचे, वळण वाईट, कारण व्हाळ दर काही वर्षांनी पात्र बदलतो. रस्त्याचा फाटा त्याहून वाईट, कारण रुंदीकरणात तो सरकलेला असतो. चार खुणांवर नकाशा बसतो खरा, पण मग चूक कळायला काही उरत नाही. आठ-दहा खुणा घेतल्या तर कोणती खूण इतरांशी फटकून आहे ते प्रणालीच दाखवते. जुना कागद दमट हवेत ताणला गेलेला असतो, घडीवर फाटून चिकटवलेला असतो, त्यामुळे सगळीकडे सारखी अचूकता मिळेल अशी अपेक्षा धरू नये. समजा नकाशा १:५००० प्रमाणाचा आहे. त्यावरची अर्धा मिलिमीटर जाडीची शाईची रेषा जमिनीवर अडीच मीटर रुंद होते. कोकणात अडीच मीटरांत एक माड उभा राहतो आणि त्या माडावरून दोन पिढ्या कोर्टात जातात.

येथे आणखी एक न दिसणारा फरक आहे. पृथ्वी अगदी गोल नाही, म्हणून मोजणीसाठी तिचा एक गणिती आकार गृहीत धरावा लागतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या स्थलदर्शक नकाशांनी एव्हरेस्टच्या नावाने ओळखला जाणारा एकोणिसाव्या शतकातला आकार धरला होता, तर मोबाइलमधील जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ हा आकार धरते. दोन्हींवर एकाच दगडाचे अक्षांश-रेखांश वेगवेगळे येतात, आणि रूपांतर न करता जुने आकडे नव्या नकाशावर टाकले तर कोकणात सगळी हद्द शंभर मीटरांच्या घरात सरकते. संपूर्ण देवराई उचलून शेजारच्या आमराईत ठेवल्यासारखी दिसू लागली, तर हे कारण आधी तपासावे.

आम्ही काही वर्षांपूर्वी दक्षिण सिंधुदुर्गातल्या एका छोट्या रानाची हद्द काढत होतो, तेव्हा झालेली चूक येथे सांगण्यासारखी आहे. उपग्रहचित्रात रानाच्या कडेने चिऱ्यांचा गडगा (कुंपणाची दगडी भिंत) स्पष्ट दिसत होता, सरळ आणि अखंड. गाव नकाशावरची रेषा त्याच्यापासून थोडी बाजूला पडत होती, पण ते जुन्या कागदाच्या ताणामुळे असेल असे धरून आम्ही गडग्यावरून हद्द ओढली. छापलेला कागद घेऊन वाडीत दाखवायला गेलो. ओसरीवर बसून सोले सुकायला पसरणाऱ्या एका आजींनी तो डोळ्यांजवळ धरला, बोटाने गडग्याची रेषा चालून पाहिली आणि म्हणाल्या, “हो गडगो गुरांसाठी घातलेलो, रे झिला. हद्द खाली व्हाळात आसा.” मग त्या आम्हांला घेऊन उतरल्या. व्हाळाच्या काठावर, करवंदीच्या जाळीत, एक उभा पुरलेला दगड होता. वरचे टोक घासून गुळगुळीत झालेले, एका बाजूला शेवाळाचा जाड थर. गडगा आणि तो दगड यांच्यात चांगली पंचवीस पावले होती, आणि त्या पंचवीस पावलांच्या पट्ट्यात रानातली सर्वांत जुनी झाडे उभी होती. उपग्रहावर विसंबून आम्ही नेमका तोच भाग बाहेर टाकला होता.

तेव्हापासून आम्ही हद्दीसाठी एकच रेषा वापरत नाही. मोजणीच्या ‘क’ प्रतीवरून आलेली हद्द अखंड रेषेने, गाव नकाशावरून बसवलेली हद्द तुटक रेषेने, आणि माणसांच्या सांगण्यावरून धरलेली हद्द ठिपक्यांच्या रेषेने दाखवायची, आणि प्रत्येकीवर बोट ठेवले की आधार, तारीख आणि कोणी दाखवली ते दिसले पाहिजे. माहिती-तक्त्यात त्यासाठी तीन रकाने जास्त लागतात, एवढाच खर्च आहे. पाहणाऱ्याला मात्र कोणत्या रेषेवर किती भार टाकायचा ते कळते, आणि नकाशावर ‘ही सीमा मालकी हक्काचा पुरावा नाही’ असे केवळ कोपऱ्यात छापण्यापेक्षा हे कितीतरी प्रामाणिक आहे. तसे छापावेच, पण त्यावर भागवू नये.

सातबाऱ्यातला आणखी एक शब्द नकाशा करणाऱ्याने लक्षात ठेवावा, तो म्हणजे पोटखराबा. लागवडीला अयोग्य जमीन या अर्थाने तो लिहिला जातो, आणि कोकणातला कातळ पुष्कळदा त्याखाली जातो. योगायोग असा की उपग्रहचित्रेही हाच समज पक्का करतात. पावसाळ्यात आकाश ढगांनी भरलेले असल्याने स्वच्छ चित्रे मिळतात ती दिवाळीनंतरची आणि उन्हाळ्यातली, आणि त्यांत सडा तपकिरी, उजाड दिसतो. ज्या भाद्रपदात त्या सड्यावर पाण्याची डबकी भरलेली असतात, बेडूक असतात, पाऊलभर उंचीच्या फुलांनी कातळ निळा-पिवळा झालेला असतो, त्या महिन्याचे चित्र नकाशावर जवळजवळ कधीच नसते. सड्याचा नकाशा करणाऱ्याने म्हणून पावसात जाऊन डबक्यांचा आणि फुलांच्या पट्ट्यांचा वेगळा थर करावा आणि तो कोणत्या महिन्यांचा आहे ते लिहावे. ज्याने ती जमीन फक्त उन्हाळ्याच्या चित्रात पाहिली आहे त्याच्यासमोर ठेवायला याहून चांगला कागद नाही.

वाट

वाटेचे काम हद्दीपेक्षा आनंदाचे आहे, कारण ते चालत करायचे असते. मोबाइलमधील एखादे नोंदणी-ॲप सुरू करायचे आणि वाट चालायची. फोन दर काही सेकंदांनी आपण कोठे आहोत ते टिपतो आणि शेवटी जीपीएक्स नावाच्या साध्या फाइलमध्ये त्या बिंदूंची माळ मिळते. ही माळ म्हणजे वाट, असे मात्र समजू नये. उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात. त्यांच्याकडून संदेश यायला किती वेळ लागला यावरून फोन अंतर काढतो आणि किमान चार उपग्रहांची अंतरे जुळवून आपली जागा ठरवतो. त्या वेळेत सेकंदाचा दहा लाखावा भाग जरी चुकला तरी अंतरात ३०० मीटरांची चूक होते, यावरून हे गणित किती नाजूक आहे ते ध्यानात येईल. मोकळ्या सड्यावर साधा फोन पाचेक मीटरांच्या आत जागा सांगतो. देवराईत शिरलो, वर सातवीण आणि बेहड्याचे छत्र आले, पाने पावसाने ओली असली, बाजूला कातळाची भिंत असली, की संदेश अडतो, आपटून लांबच्या वाटेने येतो आणि चूक पंधरा-वीस मीटरांवर जाते.

हे स्वतः पाहण्यासारखे आहे. देवराईच्या मध्यावर एका जागी पाच मिनिटे स्तब्ध उभे राहावे आणि पडद्यावरचा निळा ठिपका पाहावा. आपण हललेलो नसतो, तरी ठिपका आधी व्हाळाच्या दिशेने सरकतो, थबकतो, उडी मारून मागच्या बाजूला जातो आणि पुन्हा जवळ येतो. त्या पाच मिनिटांत नोंदणी चालू असेल तर फाइलमध्ये आपण साठ-सत्तर मीटर चाललो अशी नोंद झालेली असते. म्हणूनच अशा माळेवरून काढलेले अंतर बहुधा खऱ्याहून जास्त येते. उपाय म्हणजे तीच वाट निदान दोनदा, शक्य तर वेगळ्या दिवशी चालावी, दोन्ही माळा एकावर एक ठेवून मधून रेषा काढावी, आणि अनावश्यक बिंदू गाळावेत. बिंदू गाळण्यासाठी १९७३ मध्ये डग्लस आणि प्योकर यांनी मांडलेली रीत आजही वापरली जाते: दोन टोके सरळ रेषेने जोडायची, त्या रेषेपासून सर्वांत दूरचा बिंदू ठरावीक अंतरापेक्षा लांब असेल तर ठेवायचा, नाहीतर मधले सगळे सोडायचे, आणि उरलेल्या तुकड्यांवर हेच पुन्हा करायचे. प्रणाली हे क्षणात करते, अंतर किती ठेवायचे तेवढे आपण ठरवायचे. पायवाटेला तीन ते पाच मीटर पुरतात. पाखाडीची वळणे मात्र हाताने तपासावीत, कारण ती जवळजवळ असतात आणि सरळ होऊन गेली तर चढ नसलेला भलताच रस्ता नकाशावर उमटतो.

अंकांबद्दलही एक सांगावेसे वाटते. फोन अक्षांश दशांशानंतर आठ-दहा आकड्यांपर्यंत दाखवतो, आणि तेवढेच आकडे नकाशात उतरवण्याचा मोह होतो. पाचवा दशांश आकडा जमिनीवर सुमारे एक मीटर असतो. ज्या उपकरणाची चूक पाच मीटर आहे त्याच्या नोंदीत त्यापुढचे आकडे लिहिणे म्हणजे पावलांनी मोजलेल्या शेताचे क्षेत्र चौरस सेंटिमीटरमध्ये सांगणे होय.

वाटेची नोंद करताना तिचा प्रकार लिहावा, आणि येथे मराठीत, त्यातही कोकणात, इतके नेमके शब्द आहेत की बाहेरच्या सूचीतले शब्द आणण्याची गरज पडत नाही. पाखाडी म्हटले की चिऱ्यांच्या पायऱ्या आल्या, पाणंद म्हटले की दोन्ही बाजूंना गडगे आले, घाटी म्हटले की चढ आला. असा शब्द वाचला की गावातल्या माणसालाच नव्हे, पहिल्यांदा येणाऱ्या मराठी माणसालाही पायांखाली काय असेल याची कल्पना येते. ओपनस्ट्रीटमॅपसारख्या सार्वजनिक नकाशात प्रत्येक ठिकाणाचे मराठी नाव वेगळ्या खणात लिहिण्याची सोय आहे, तिचा वापर करावा. वाडीचे नाव रोमन लिपीतून परत देवनागरीत येताना किती बिघडते ते रस्त्यावरच्या फलकांवर आपण रोज पाहतो.

वेळेचा अंदाज देताना १८९२ मध्ये नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने घालून दिलेला ठोकताळा जगभर वापरतात: सपाटीला तासाला पाच किलोमीटर, आणि चढाच्या प्रत्येक ६०० मीटरांना आणखी एक तास. कोकणातल्या एप्रिलच्या उन्हात आणि दमट हवेत हा अंदाज फार तुटपुंजा आहे. ठोकताळ्यावर विसंबण्यापेक्षा गावातल्या साठीच्या एखाद्या व्यक्तीसोबत वाट चालून लागलेला वेळ लिहावा. येणारे पाहुणे त्याच वेगाने चालतात.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ऋतूची. कोकणातली वाट वर्षभर एकच नसते. व्हाळावर गावकरी बांबूचा आणि पोफळीच्या खोडांचा साकव घालतात; तो असला तर शाळा दहा मिनिटांवर, वाहून गेला तर पाऊण तासाचा वळसा. खाडीच्या काठाने जाणारी वाट ओहोटीला कोरडी असते आणि सहा तासांनी कमरेएवढ्या पाण्यात जाते. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून ‘सकाळी जावे’ अशी सूचना आठवड्याभरातच खोटी ठरते. अशा जागी नकाशाने भरती-ओहोटीचे कोष्टक पाहण्यास सांगावे आणि वाट वेगळ्या रंगात दाखवावी. आमच्या नकाशात प्रत्येक वाटेला ‘कोणत्या महिन्यांत चालता येते’ असा रकाना आहे, आणि तो रिकामा असेल तर वाट लोकांसाठी दाखवलीच जात नाही. जुलैत व्हाळ फुगलेला असताना अनोळखी माणूस आपल्या नकाशावर भरवसा ठेवून साकवापाशी येतो आणि तेथे साकव नसतो, ही शक्यता मनात ठेवून काम केले की हा रकाना कोणी विसरत नाही.

न दाखवायच्या जागा

देवराईत जाताना वहाणा कडेला काढतात. आत गेल्यावर पाराच्या पुढे, एका ठरावीक झाडापलीकडे, वर्षातून एकदाच आणि मानकऱ्यांनीच जायचे असा नेम कित्येक ठिकाणी असतो. नकाशा करणारा माणूस फोन हातात घेऊन सहज तेथवर जाऊ शकतो आणि पाहता पाहता ती वाट सर्वांना दिसू लागते. माझे स्पष्ट मत आहे की नकाशाने तेथेच थांबावे जेथे गाव थांबते. गुरव आणि मानकरी यांना सोबत घेऊन आधी हेच विचारावे की कोठवर दाखवायचे, आणि त्यांनी सांगितलेल्या जागी वाटेची रेषा संपवावी. त्यापलीकडचे रान हद्दीच्या आकृतीत येतेच, म्हणजे ते राखलेले आहे हे दिसते. तेथे कसे जायचे हे मात्र दिसत नाही.

हाच विचार घरट्यांना लागू होतो. समुद्रगरुडाचे घरटे, धनेशाची ढोली, एखाद्या दुर्मिळ आमरीचे (ऑर्किडचे) झाड यांचे नेमके बिंदू जाहीर केले की आधी छायाचित्रकारांची गर्दी होते आणि मग त्याहून वाईट लोक येतात. आयनॅचरलिस्ट हे नोंदणीचे व्यासपीठ धोक्यातल्या जातींची जागा आपोआप धूसर करते. खरा बिंदू न दाखवता ०.२ अंशांच्या चौकटीत, म्हणजे साधारण वीस-बावीस किलोमीटरच्या पट्ट्यात कोठेतरी दाखवते. आपल्या नकाशात आपल्याला तो निर्णय स्वतः घ्यावा लागतो. नेमकी माहिती संस्थेकडे वेगळ्या फाइलमध्ये ठेवावी आणि जाहीर थरात फक्त ‘या रानात धनेश आहे’ एवढे लिहावे. छायाचित्रे टाकताना आणखी काळजी हवी, कारण मोबाइलने काढलेल्या छायाचित्राच्या आत जागेचे अक्षांश-रेखांश लपलेले असू शकतात आणि नकाशावर न दाखवलेली ढोली फोटोतून उघड होते.

कातळशिल्पांचा प्रश्न थोडा निराळा आहे. कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, उक्षी, जांभरुण, कुडोपी यांसह कोकणातल्या नऊ ठिकाणांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. ती आता प्रसिद्ध आहेत. तेथे नेमकी वाट दाखवणेच हिताचे आहे, कारण वाट न दाखवल्यास लोक सड्यावर वाटेल तेथून गाड्या घालतात आणि चाकांखाली कोरीव रेषा झिजतात. ज्या शिल्पांभोवती अजून साधा गडगाही नाही आणि ज्यांची नोंदच नुकती झाली आहे, त्यांच्याबाबत मात्र आधी संरक्षण आणि मग बिंदू, असा क्रम ठेवावा.

एकदा जाहीर झालेली जागा परत घेता येत नाही, हे प्रत्येक गटाने सुरुवातीलाच समजून घ्यावे. आपण आपल्या नकाशातून बिंदू काढला तरी इतरांनी उतरवून घेतलेल्या प्रती राहतात. स्ट्रावा या व्यायाम-ॲपने नोव्हेंबर २०१७ मध्ये जाहीर केलेल्या जागतिक हालचाल-नकाशावरून धावणाऱ्या सैनिकांच्या वाटा आणि त्यांतून लष्करी तळांचे आकार दिसतात, हे २०१८ च्या सुरुवातीला लक्षात आले. कोणीही ते मुद्दाम उघड केले नव्हते. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये माहिती भरताना हेच भान हवे. तो नकाशा जमिनीवर जे आहे ते दाखवण्याच्या तत्त्वावर चालतो आणि कोणालाही त्यात भर घालता येते, त्यामुळे खाजगी रानातली वाट आपण तेथून पुसली तरी दुसरा कोणी चालून येऊन ती पुन्हा काढतो. पुसण्यापेक्षा ती वाट ‘खाजगी, परवानगीशिवाय प्रवेश नाही’ अशा नोंदीसह तेथे ठेवणे अधिक टिकाऊ ठरते. देवाच्या जागा, घरटी, आणि ज्यांना मालकांची संमती नाही अशा गोष्टी तेथे मुळातच भरू नयेत.

लोकांपर्यंत

साधनांचा भाग खरे तर सर्वांत सोपा आहे. घरी बसून नकाशा जुळवायला क्यूजीआयएस, रानात नोंदी घ्यायला त्याचेच मोबाइल रूप असलेले क्यूफील्ड, संकेतस्थळावर दाखवायला लीफलेट, आणि संगणकाची भाषा येत नसेल तर यूमॅप, एवढ्यावर चांगला नकाशा उभा राहतो, आणि यांतल्या कशालाही परवाना-शुल्क नाही. ओपनस्ट्रीटमॅपचा पायाभूत नकाशा वापरला तर त्याच्या योगदानकर्त्यांचा उल्लेख कोपऱ्यात करणे बंधनकारक आहे. त्याचे सर्व्हर देणग्यांवर चालतात, म्हणून त्यांवरून फरश्या घाऊक उतरवून घेण्यास मनाई आहे. कायद्याच्या बाजूने पाहता, भारत सरकारने १५ फेब्रुवारी २०२१ रोजी जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनंतर भारतीय व्यक्तींना आणि संस्थांना नकाशे करण्यासाठी पूर्वीसारख्या पूर्वपरवानग्या लागत नाहीत, काही संवेदनशील बाबी वगळता. ड्रोन उडवायचा असेल तर २०२१ चे ड्रोन नियम स्वतंत्रपणे पाहावे लागतात.

ज्या रानासाठी नकाशा करतो तेथे बहुधा नेटवर्क नसते. घाटीच्या तोंडाशी चौकोनी (क्यूआर) कोडचा फलक लावून उपयोग नाही, जर तो कोड उघडायला वर सड्यावर चढावे लागत असेल. म्हणून फलक एसटी थांब्यापाशी किंवा गावातल्या दुकानापाशी लावावा, जेथे नेटवर्क आहे, आणि तेथून उतरवून घेता येईल अशी हलकी नकाशा-फाइल द्यावी. देवळात आणि ग्रामपंचायतीत छापील प्रत असावी. आम्हांला सर्वांत जास्त दुरुस्त्या त्या छापील प्रतीवर पेन्सिलीने लिहिलेल्या मिळाल्या आहेत. बंद वाट लाल आणि खुली वाट हिरवी एवढाच फरक ठेवला तर रंगांध माणसाला दोन्ही सारख्याच दिसतात, त्यामुळे रेषेचा प्रकारही बदलावा. अक्षरे उन्हात, स्वस्त फोनवर, चष्म्याशिवाय वाचता येतील एवढी मोठी असावीत.

नकाशा प्रसिद्ध झाल्यावर त्याची देखभाल कोणाकडे, हा प्रश्न निधी मागणाऱ्या प्रस्तावांत क्वचितच लिहिलेला असतो आणि पुष्कळ नकाशे तेथेच मरतात. वर्षातून तीन फेऱ्या पुरतात: मृगाच्या आधी एक, गणपतीनंतर एक आणि दिवाळीच्या सुमारास साकव पुन्हा घातल्यावर एक. प्रत्येक फेरीनंतर प्रत्येक वाटेवरची ‘शेवटची पाहणी’ ही तारीख बदलायची, आणि जिची तारीख वर्षापेक्षा जुनी झाली ती वाट आपोआप फिकट दिसेल अशी व्यवस्था करायची. हे काम संस्थेच्या पुण्या-मुंबईतल्या कार्यालयाकडे न ठेवता वाडीतल्या दोन व्यक्तींकडे द्यावे आणि त्यांना त्याचे मानधन द्यावे. गेल्या जुलैत आमच्या नकाशावर वाट बंद झाल्याची नोंद, साकव गेला त्याच दिवशी दुपारी, वाडीतल्या बारावीच्या एका मुलीने केली. आम्हांला ती संध्याकाळी दिसली.

त्या आजींनी दाखवलेला दगडही आता नकाशात आहे. त्यावर बोट ठेवले की ‘सांगण्यावरून, वाडीतील ज्येष्ठ व्यक्तीने प्रत्यक्ष जागेवर दाखवले’ अशी नोंद आणि तारीख येते. नाव त्यांच्याच इच्छेने लिहिलेले नाही. भावकीतल्या सगळ्यांच्या सह्या जमल्या आहेत आणि भाताची कापणी आटोपली की मोजणीचा अर्ज द्यायचे ठरले आहे. तोवर व्हाळातली ती हद्द ठिपक्यांच्याच रेषेने दाखवलेली आहे.